माझ्या नातीचा गुरुवार

ही हकीगत मी नऊ वर्षं टाळली. आमच्या चर्चच्या आवारात कुणी विषय काढला की मी घड्याळ पाहायचो. घरात निघाला तर उठून ओट्यावर जायचो. लोकांना वाटायचं, मास्तरांना नातीचं दुःख आहे, म्हणून बोलत नाहीत. मीही तसं वाटू दिलं.

खरं एवढंच आहे की माझ्या नातीला दृढीकरणाच्या, म्हणजे वाढत्या वयात श्रद्धा पक्की करण्याच्या, संस्कारातून वगळलं गेलं ते माझ्या बोलण्यामुळे, आणि मी बोललो ते खोटं होतं. मला तेव्हा ते खोटं आहे हे माहीत नव्हतं. पण माहीत करून घेण्याचे कष्टही मी घेतले नव्हते. त्यानंतर ती हळूहळू चर्चमधून उठली ती उठलीच.

आमची वस्ती सोनईपासून थोडी आत. पन्नासेक कॅथोलिक घरं, मध्ये चर्च, भोवती उसाची आणि कांद्याची शेतं. मी शाळेत मास्तर होतो आणि तीस वर्षं रविवारी मुलांना धर्मशिक्षण दिलं. टीव्हीवर माझा पहिल्यापासून राग. त्यातल्या देवाधर्माच्या मालिकांवर तर जास्तच. बाकीच्या मालिकांत निदान सासू वाईट असते हे सरळ दाखवतात. या धार्मिक मालिकांत विजा चमकतात, एकच चेहरा तीनदा तीन बाजूंनी दाखवतात, आणि चमत्कार होता होता मध्येच गोरं होण्याच्या मलमाची जाहिरात येते. येशूवरची मालिका असली तरी संशय जात नाही. तिथेही शिष्याला एखादं प्रेमप्रकरण चिकटवलेलं असतं. भक्तीच्या नावाखाली कोण काय विकतंय हे ओळखणं मला जमत नाही, मग तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना काय जमणार, असं माझं म्हणणं.

म्हणून मागच्या फादरांनी मला सांगितलं, "मास्तर, तुम्हीच एक यादी करा. आपल्या कुटुंबांनी मोठ्या होत चाललेल्या मुलांबरोबर कोणत्या मालिका पाहाव्यात, कोणत्या नाही."

मी यादी केली. सुवाच्य अक्षरात लिहून चर्चच्या फळ्यावर लावली. बायबलच्या गोष्टींवरची एक हिंदी मालिका तेव्हा संध्याकाळी लागायची, तिच्यापुढे मी 'योग्य' लिहिलं. इतर देवांच्या, संतांच्या, शिर्डीच्या बाबांवरच्या मालिकांपुढे 'आपल्या घरांसाठी नाही'. यातली एकही मालिका मी दोन मिनिटांपेक्षा जास्त पाहिली नव्हती. नावं वाचून निकाल दिला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या घरी रोज सातला जपमाळ व्हायची. ती संपली की सून आणि नात ती 'योग्य' मालिका लावायच्या. मी बाहेर ओट्यावर बसायचो, कारण आवाज सहन व्हायचा नाही. नात तेव्हा चौदाची. पुढच्या वर्षी बिशप येणार होते आणि आमच्याकडची अकरा मुलं दृढीकरणाला बसणार होती. त्यांत ती सगळ्यांत तयार. प्रार्थना पाठ, आवाज चांगला, गायनात पुढे. सुनेने सोनईच्या शिंप्याकडे पांढरा ड्रेसही टाकला होता.

एक दिवस सून भाकरी करताना म्हणाली, "मामा, ही पोरगी गुरुवारी रात्रीची जेवत न्हाई. चार गुरुवार झाले. विचारलं तर भूक न्हाई म्हणती."

सून सहज बोलली. माझ्या मनात मात्र ते रुतून बसलं. आमच्या भागात गुरुवार म्हटला की कुणाच्याही डोळ्यांपुढे शिर्डी येते. गुरुवारी रस्त्यानं शिर्डीकडे जाणाऱ्या गाड्या दिसतात, पायी जाणारे तरुण दिसतात, शेजारच्या घरांत उपास असतो. आमची नात शाळेत त्याच मुलींबरोबर बसायची. मी पाळत ठेवू लागलो. तिला विचारलं नाही. आजोबा होतो, मास्तर होतो, पण विचारण्यापेक्षा पकडण्यात मला जास्त रस वाटला, हे आता कबूल करतो.

पुढच्या आठवड्यात पेन शोधताना तिचा कंपास उघडला. आत उदीची पुडी होती.

मी कंपास होता तसा मिटून ठेवला. त्या दिवशी मी मळ्यात शेजाऱ्याकडे गेलो. तो मराठा शेतकरी, माझ्या वयाचा, लहानपणापासूनचा मित्र. मोटर चालू करून बांधावर बसला होता. त्याला सगळं सांगितलं. तो आधी मोठ्यानं हसला.

"मास्तर, आरं, उदी कंपासात ठिवली म्हणून पोरगी बाटती व्हय? आमची म्हातारी दरसाल तुमच्या मतमाउलीच्या जत्रंला जाती. तिथलं तेल आनती, गुडघ्याला चोळती. मंग ती काय किरिस्ताव झाली?"

"तुझी म्हातारी सत्तरची आहे. माझी नात चौदाची."

"मंग इचार की तिला. तोंड हाय ना तुला? साऱ्या गावाला शिकवलंस."

मला त्याचा राग आला. त्याला आमचं काय कळणार, असं मनात म्हणत घरी आलो. खरं तर त्या बांधावर शहाणा माणूस एकच होता, आणि तो मी नव्हतो.

त्याच रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाल्यावर पालकांची सभा होती. विषय फादरांनीच ठेवला होता: घरात धार्मिक मालिका, आणि वाढत्या वयाची मुलं. हॉलमध्ये चाळीसेक माणसं. मुलं बाहेर पायऱ्यांवर बसलेली, खिडक्या उघड्या.

एक बाई म्हणाली, "फादर, खरं सांगू? आमच्या पोराला मोशे कोन ते टीव्हीनं शिकवलं. आमी सांगितलं तवा झोपा काढायचा."

मागून कुणीतरी म्हणालं, "आन् मोशेला लिपस्टिक किती!" सगळे हसले. फादरही हसले.

एक बाप म्हणाला, "माझी मुलगी म्हणते, सगळे देव सारखेच दिसतात, दाढी आणि उजेड. आता तिला काय सांगू?"

चर्चा अशी हसतखेळत चालली होती. मला ते हसणं सहन झालं नाही. मी उभा राहिलो.

मी म्हणालो, "हसू नका. हे विष हळू भिनतं. दुसऱ्याच्या घरातलं सांगत नाही, माझ्याच घरातलं सांगतो. माझ्या घरात दृढीकरणाला बसणारं एक लेकरू शिर्डीच्या मालिकेच्या नादानं गुरुवारचा उपास धरतंय. दप्तरात उदी आहे. मी तीस वर्षं शिकवलं आणि माझ्या घरात हे. तुमच्या घरात काय असेल, ते तुम्ही बघा."

माझ्या घरात दृढीकरणाला बसणारं लेकरू एकच होतं. खिडकीबाहेर पायऱ्यांवरचा गलबला थांबला होता. मला वाटलं, मी मोठं धैर्य दाखवलं. घरी जाताना दोघा-तिघांनी हातही मिळवला.

फादरांनी दोन दिवसांनी तिला बोलावलं. काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. त्यांनी विचारलं, "तू गुरुवारचा उपास करतेस?" ती म्हणाली, "हो." "कुणासाठी?" त्यांनी दोनदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आबा सांगतात ते खरं असेल."

फादर कठोर नव्हते. म्हणाले, "मास्तर, एक वर्ष थांबू द्या. घाई नको. मन स्थिर झालं की पुढच्या वेळी बसेल." मी मान हलवली. एक शब्द तिच्या बाजूनं बोललो असतो तर त्यांनी निर्णय बदलला असता. इतका माझा शब्द तेव्हा चालायचा.

बिशप आले. दहा मुलं बसली. नात गायनात उभी राहिली नाही, शेवटच्या बाकावर आईजवळ बसली. पांढरा ड्रेस शिंप्याकडून आणायला कुणी गेलंच नाही. वर्गातल्या आमच्याच मुली तिला 'शिर्डीवाली' म्हणायच्या, हे मला सुनेकडून कळलं. पुढच्या वर्षी फादरांनी नाव घातलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मला नको." बारावी झाल्यावर नर्सिंगला नगरला गेली. तिथे चर्च आहे, होस्टेलपासून जवळ आहे. ती जात नाही.

ती माझ्यावर कधी चिडली नाही. सुट्टीत येते, माझं ब्लडप्रेशर तपासते, गोळ्या डब्यात नीट लावून ठेवते. मिस्साच्या वेळी घरी थांबून स्वयंपाक करते. हे मला जड जातं.

गेल्या वर्षी मी अंगणात घसरलो आणि पाय प्लॅस्टरमध्ये गेला. दीड महिना बाहेरच्या खोलीत खाटेवर. ओट्यावर जाता येईना, त्यामुळे टीव्हीपासून सुटका नाही. त्या जुन्या बायबल मालिकेचे भाग कुठल्याशा चॅनेलवर पुन्हा लागत होते. सून मेथी निवडत पाहत होती. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो.

मग कूस बदलली आणि पाहिलं. गेथशेमानेची बाग दाखवत होते. उद्या मरण येणार हे माहीत असलेला येशू एकटा प्रार्थना करतोय आणि तिघे शिष्य झाडाखाली घोरत पडलेत. संगीत भडक होतं, झाडं कागदाची वाटत होती. पण तो वळून झोपलेल्यांकडे पाहतो, तिथे क्षणभर संगीत बंद केलं होतं. मला पाहवेना आणि नजरही हलवता येईना.

सून म्हणाली, "हे बघूनच तर तिनं धरला होता."

"काय?"

"गुरुवार. हे झालं ते गुरुवारीच ना, मामा? तुमीच शिकवायचा ना. ती म्हनायची, सगळे जेवून झोपले, कुनीतरी एकानं तरी जागं ऱ्हायला पायजे हुतं. पोट भरलं की झोप येती म्हनून जेवायची न्हाई. मला लई उशिरा सांगितलं तिनं. नगरला जाताना."

"आणि उदी?"

"वर्गातली पोरगी शिर्डीला गेल्ती. सगळ्यांना वाटली तिनं. फेकायची कशी, म्हनून ठिवली."

"तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

सुनेने मेथीच्या काड्या गोळा केल्या. "तवा मला तरी कुठं ठावं हुतं? आन् नंतर तुमी ह्या इषयाचं नाव निघालं की उठून जायचा."

तीस वर्षं मी मुलांना पवित्र गुरुवार, गुड फ्रायडेच्या आदला दिवस, शिकवला. त्या संध्याकाळी चर्चमध्ये तासभर बसून जागरणाची प्रार्थना मीच घ्यायचो. आणि माझ्या नातीनं गुरुवार धरला तेव्हा मला त्यात आमचा गुरुवार दिसलाच नाही. आणखी एक गोष्ट मग आठवली. त्या दिवसांत एकदा ती ओट्यावर येऊन मला म्हणाली होती, "आबा, शिष्यांना झोप कशी काय आली?" मी म्हणालो होतो, "टीव्ही बघून असले प्रश्न सुचतात. अभ्यास कर जा."

धार्मिक मालिका मुलांना दाखवाव्यात का, असं अजून कुणी विचारतं. माझा त्यांच्यावरचा संशय गेलेला नाही. त्या लांबवतात, भडकवतात, मध्ये नको ते घालतात. पण आता न पाहता याद्या करणाऱ्या म्हाताऱ्यावर मला त्याहून जास्त संशय आहे. मालिका बघून लेकरू प्रश्न घेऊन बाहेर आलं, तर ओट्यावर बसलेल्यानं उत्तर द्यायला हवं. माझ्या यादीत तो रकाना नव्हता. आणि आमच्या सभांमध्ये 'मास्तरांच्या घरी काय झालं ते आठवा' असं आजही कुणीतरी म्हणतं, म्हणून हे लिहिणं भाग आहे. मास्तरांच्या घरी असं काही झालं नव्हतं.

तिला सांगायचा प्रयत्न मी केला. नाताळात ती करंज्या तळत होती, मी शेजारी स्टूल घेऊन बसलो. म्हणालो, "त्या सभेत मी तेव्हा..." ती म्हणाली, "आबा, तेल तापलंय, जरा मागं सरका." मी सरकलो. तिनं मुद्दाम थांबवलं की खरंच तेल तापलं होतं, याचाही मी नंतर किती दिवस संशय घेत बसलो.

मग मागच्या महिन्यात पाय दाखवायला नगरला गेलो. तिनं ड्यूटी बदलून घेतली, डॉक्टरांकडे नेलं, रिक्षानं स्टँडवर आणलं आणि सोनईच्या गाडीत खिडकीशी बसवलं. ड्रायव्हर चहाला गेला होता. ती खाली खिडकीजवळ उभी राहिली. दहा मिनिटं सहज होती.

मी म्हणालो, "फादर बदलले गं."

"हो का? कसे आहेत नवे?"

"चांगले आहेत. तरुण आहेत."

"मग बरंय." तिनं माझी पिशवी आत सरकवली. "आबा, गोळी रात्री जेवल्यावर. विसरू नका."

ड्रायव्हर आला. गाडी सुरू झाली. मी काच आणखी सरकवली, तिनं वर पाहिलं, आणि मी म्हणालो, "उन्हात उभी राहू नकोस."

म्हणायचं होतं ते वेगळं होतं. बाळ, तुला एकदाही न विचारता मी चारचौघांत तुझ्याविषयी बोललो. ते खोटं होतं. तुझं काहीच चुकलं नव्हतं, माझं चुकलं. मला माफ कर.