चौथा रकाना

शब्दकोशाच्या कचेरीत तिला सगळे कार्डबाई म्हणायचे. हजेरीपटावर तिचं खरं नाव होतं, पण ते तिथंच बसून असायचं, कुणी त्याला हाक मारत नसे. घरी ती मधली. तीन बहिणींतली दुसरी. थोरली ती ताई, धाकटीची लाडाची चार नावं, आणि हिला नुसतं मधली. आपणही मधलीच म्हणू, कारण गोष्ट त्याच शब्दाची आहे.

कचेरी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. भिंतीला टेकून उंच कपाटं, कपाटांत लाकडी खण, खणांत कार्डं आणि प्रत्येक कार्डावर एक वाक्य. इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणायचं ते टेबलाशी बसून ठरवायचं नाही, माणसं खरोखर काय बोलतात ते ऐकून ठरवायचं, असा पहिल्या संपादकांचा दंडक होता. ते गेले, दंडक राहिला. कार्डावर चार रकाने असत. वाक्य. कोण बोललं. केव्हा आणि कुठे. आणि चौथा, कुणी ऐकलं. ज्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं त्यानंच चौथ्या रकान्यात सही करायची. दुसऱ्याच्या तोंडून कळलेलं वाक्य कितीही रसाळ असलं, तरी त्यावर ‘ऐकीव’ असा लाल शिक्का बसायचा आणि ते टोपलीत जायचं.

तो शिक्का मधलीच्या ताब्यात होता. सव्वीस वर्षं. आणि शिक्का मारताना तिनं कधी कुणाची भीडभाड ठेवली नाही. टायपिस्टबाई नवीन होत्या तेव्हा त्यांनी मोठ्या हौसेनं एक झणझणीत वाक्य आणलं होतं, त्यांच्या सासूच्या मैत्रिणीनं कुणाला तरी सुनावलेलं.

“तुम्ही स्वतः ऐकलंत?” मधलीनं विचारलं.

“मी नाही हो, सासूबाईंनी ऐकलं.”

“मग सासूबाईंना घेऊन या,” असं म्हणून तिनं शिक्का उचलला. टायपिस्टबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. पुढं दोघी एकमेकींच्या डब्यातलं खाऊ लागल्या, ती गोष्ट वेगळी.

तर त्या वर्षी ‘मिडल’ हा शब्द तिच्या टेबलावर आला. शब्द साधा, दुसरीतल्या पोरालाही येणारा. इंग्रजीत बापडा एका ओळीत मावतो. मराठीत आणायला गेलं की त्याला फाटे फुटतात. खोलीच्या मधोमध टेबल असतं, पण माणूस भर रस्त्यात भेटतो आणि पाहुणे ऐन जेवणात टपकतात. भांडणात कुणी मध्ये पडतो, आणि पडला नाही तर मधला मार्ग काढतो. शाळेत मधली सुट्टी होते. कुणी मधेच बोलतं, कुणी सारखं मध्ये मध्ये करतं, कुणी मधल्या मध्ये पैसे लाटतं. शिवाय इंग्रजीत हाच शब्द कमरेलाही चालतो, म्हणून संपादकसाहेब एक दिवस स्वतःच्या पोटावर हात ठेवून म्हणाले, “कार्डबाई, हा अर्थ माझ्यापुरता गाळा, माझा मध्य आता मलाच सापडत नाही.” त्यावर कचेरी बराच वेळ हसली. अशी एकशे सत्तेचाळीस कार्डं जमली. सगळ्या अर्थांना वाक्यं मिळाली, एका अर्थाला मिळेना. भावंडांतलं मधलं, आणि तेही हाक मारायचं नाव म्हणून.

खरं सांगायचं तर वाक्य तिच्याकडे होतं. अकरा वर्षं होतं. ते कार्डावर उतरवायला हात धजत नव्हता, इतकंच.

मधलीचे वडील शिंपी होते. बाहेरच्या खोलीत यंत्र, भिंतीला कापडाचे तागे आणि खुंटीला दोरीनं बांधलेली मापांची वही. वहीत अख्ख्या मोहल्ल्याची मापं होती. ताईचं माप वर्षातून दोनदा घेतलं जाई. ताई वाढली की तिचे फ्रॉक मधलीला येत, खाली एक घडी मारली की झालं. मधलीनं ते वापरून वापरून विटवले की धाकटीला देण्यासारखे उरत नसत, म्हणून धाकटीला नवे शिवावे लागत. म्हणजे धाकटीचंही माप आलं. यात कुणाचं काही चुकत होतं असं नाही. बापाचा जीव तिघींवर सारखाच असेल. पण शिंप्याच्या घरात जन्मून, त्या हातांतली टेप आपल्या खांद्याला कधी लागली नाही, ही गोष्ट मधली कुणाजवळ बोलली नाही आणि एक दिवसही विसरली नाही.

वडील आजारी पडले तेव्हा ती शब्द गोळा करायला चार दिवसांच्या प्रवासावर गेली होती. दुखणं साधं आहे असं सगळे म्हणत होते, म्हणून गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या फोनवर धाकटीनं सांगितलं की बाबा गेले. मग म्हणाली, “मधलीताई, जायच्या आधी त्यांनी तुझी आठवण काढली. म्हणाले, मधलीला बोलवा, तिच्याशिवाय माझं व्हायचं नाही.”

त्या एका वाक्यावर मधली अकरा वर्षं जगली. लग्न केलं नव्हतं, खोलीत एकटीच राहत होती. पण संध्याकाळी कुलूप काढून दिवा लावताना ते वाक्य मनात यायचं आणि खोली रिकामी वाटायची नाही. ताईला नाही, धाकटीला नाही, बाबांनी मला बोलावलं होतं. इतक्या वेळा तिनं ते मनात ऐकलं की वडिलांचा घोगरा आवाज, ‘बोलवा’ म्हणताना जरासा लागलेला दम, सगळं तिला कानांत स्पष्ट ऐकू यायचं.

म्हणूनच घोटाळा झाला. छापखान्यात पानं गुरुवारी जायची होती. सोमवारी दुपारी तिनं कोरं कार्ड ओढलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं. वाक्य: मधलीला बोलवा, तिच्याशिवाय माझं व्हायचं नाही. कोण बोललं: वृद्ध शिंपी. केव्हा आणि कुठे: तारीख, इस्पितळ. कुणी ऐकलं: आणि तिथं तिनं आपली सही ठोकली. क्षणभरही थांबली नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ सव्वीस वर्षं शोधणाऱ्या बाईला स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसलं नाही.

संपादकसाहेबांनी कार्ड पाहून नुसतं “सुरेख” म्हटलं. टायपिस्टबाईंनी मात्र टाइप करायला घेतलं आणि बोटं यंत्रावर तशीच ठेवून बसल्या. मग खुर्ची ओढून मधलीच्या शेजारी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “कार्डबाई, रागावू नका. या तारखेला तुम्ही दौऱ्यावर होतात. तो दौऱ्याचा कागद मीच टाइप केला होता.”

मधलीनं कार्ड हातात घेतलं. चौथा रकाना वाचला. स्वतःची सही ओळखीची वाटेना. चेहरा कानापर्यंत तापला.

“टाकू का तसंच?” टायपिस्टबाई म्हणाल्या. “कुणाला कळणार आहे? आणि वाक्य तर खरंच आहे ना.”

“वाक्य खरंच आहे,” मधली म्हणाली. “पण ऐकलं माझ्या बहिणीनं. सही तिची हवी. उद्या रजा टाकते, आणते तिची सही.”

धाकटीला तिनं फोन करून सगळं सांगितलं. धाकटी एरवी फोनवर तासभर पाल्हाळ लावणारी, पण आज म्हणाली, “अगं, दुसरं एखादं वाक्य घे ना. घरातलं कशाला छापायचं?” मधलीला वाटलं, लाजतेय. म्हणाली, “नाव कुठं छापतात? नुसती सही हवी. उद्या येतेच.”

धाकटी स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती. नवरा कामाला, मुलं शाळेत. मधलीनं ओटा पुसून कोरडा केला, त्यावर कार्ड ठेवलं, स्वतःची सही नेटकी रेघ मारून खोडलेली, आणि पेनचं टोपण काढून पेन पुढं केलं. धाकटीनं पदराला हात पुसले. पेन घेतलं. वाक्य वाचलं, रकाने वाचले, पेन कागदापर्यंत नेलं आणि तिथंच थांबली.

“इथं काय लिहायचं? मी ऐकलं असं?”

“हो. तू ऐकलंस ना?”

अकरा वर्षांत कुणी धाकटीला हा प्रश्न विचारला नव्हता. बोलून टाकणं सोपं असतं, सही करणं अवघड. तिनं पेन खाली ठेवलं आणि ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, तोंड न झाकता.

“मधलीताई, बाबा शेवटचे दोन दिवस बोललेच नाहीत गं.”

मधली उभीच होती. तिनं विचारलं, “मग शेवटचं काय बोलले?”

“खिडकी लावा म्हणाले. वारं लागतंय म्हणाले. बस.”

“ताईचं नाव घेतलं?”

“नाही.”

“तुझं?”

“कुणाचंच नाही.”

शेगडीवर दूध वर येत होतं. मधलीनं पुढं होऊन गॅस बारीक केला. मग म्हणाली, “तू असं का केलंस?”

“तू फोनवर काही बोलतच नव्हतीस,” धाकटी म्हणाली. “बाबा गेले म्हटलं तर नुसती गप्प. मी हॅलो हॅलो करतेय, तू गप्प. मला वाटलं, ही आता फोन ठेवेल आणि कुठंतरी निघून जाईल. मला भीती वाटली. तोंडाला आलं ते बोलले. तुला मापाच्या वहीचं काय वाटायचं ते मला माहीत नव्हतं का? मी लहान होते, आंधळी नव्हते. नवा फ्रॉक घालून तुझ्यासमोर यायला मला लाज वाटायची.” नाक पुसून ती पुढं म्हणाली, “नंतर सांगणार होते. पण तू ते वाक्य इतकं जपून ठेवलंस, की काढून घ्यायचा मला धीर होईना.”

मधली चहाला थांबली नाही. कार्ड पर्समध्ये टाकून निघाली. धाकटी दारापर्यंत आली, मग जिन्यापर्यंत, पण हिनं मागं वळून पाहिलं नाही. राग होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. मेलेल्या बापावर रागावून उपयोग नाही, तो तर काही बोललाच नव्हता. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तिनं डोळे मिटून वडिलांचा तो आवाज आठवून पाहिला. दमलेला, घोगरा, ‘मधलीला बोलवा’ म्हणणारा. तो येईना. खिडकी लावा, एवढंच येत होतं. दोन थांबे पुढं गेल्यावर ती उतरली आणि घरापर्यंत चालत गेली. कुलूप काढलं, दिवा लावला. त्या दिवशी खोली फार मोठी वाटली. ती जेवली नाही.

बुधवारी ती वेळेवर कचेरीत आली. टायपिस्टबाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि पाण्याचा पेला आणून ठेवला. मधलीनं खणातून लाल शिक्का काढला, शाईच्या पॅडवर दाबला आणि वडिलांच्या कार्डावर मारला. ऐकीव. शिक्का सरळ उमटला. सव्वीस वर्षांची सवय होती. कार्ड टोपलीत टाकलं.

“म्हणजे तो अर्थ गाळायचा?” टायपिस्टबाईंनी विचारलं. “उद्या पानं जायची आहेत.”

मधलीनं टोपलीकडं पाहिलं. तिला धाकटी दिसत होती. मांडीवर वाटाण्यांची परात घेतलेली कालची नव्हे, अकरा वर्षांपूर्वीची, इस्पितळाच्या जिन्याखाली फोन धरून उभी असलेली. चोवीस वर्षांची पोर. बाप नुकताच गेलेला, तिचं स्वतःचं रडणं अजून व्हायचं होतं, आणि पलीकडून बहीण बोलत नाही म्हणून तिनं घाईघाईनं, जमेल तसं एक वाक्य शिवून दिलं होतं. बरोबर मधलीच्याच मापाचं.

मधलीनं रुमालानं डोळे पुसले. मग कोरं कार्ड ओढून घेतलं आणि पहिल्या रकान्यात वाक्य लिहिलं, तेच, एकही अक्षर न बदलता. मधलीला बोलवा, तिच्याशिवाय माझं व्हायचं नाही. कोण बोललं: धाकटी बहीण. केव्हा आणि कुठे: तीच तारीख, सकाळी, फोनवर.

चौथ्या रकान्यात तिनं स्वतःची सही केली, कारण ते तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.