ताकाचा वास

हिंगणघाटच्या गिरणीत रीताचं अर्धं आयुष्य तुटलेलं सूत जोडण्यात गेलं. गिरणी बंद पडल्यावर ती प्रफुलच्या शेडमध्ये लागली. तिथे मातीत कुजून जाणाऱ्या प्लास्टिकचा दोरा काढत, वेली बांधायला. तो ओढून लांबवला तरच त्यात बळ येई, पण ओढतानाच कडकन तुटे. ओढायचं मशीन एकच. त्यावर कायमची रीता बसणार की नाचणगावची गुंजन, हे पोळ्याला ठरणार होतं.

गुंजनचा दोरा कमी तुटे. पोरीचा हात हलका आहे, असं सगळे म्हणत. ते रीताच्या कानावर पडे. गिरणीत तिच्याच हाताबद्दल असं बोलत.

एका संध्याकाळी तिने गुंजनचं ताजं रीळ उचललं आणि सगळ्यांच्या ताकपाण्याच्या बर्फपेटीत तळाशी दडपलं. थंडीत प्लास्टिकची बादली तडकते, तसा दोराही तडकेल. एक ताकाची बाटली कलंडली, तिच्या लक्षात आलं नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तिने रीळ जागेवर ठेवलं.

गुंजनने मशीन सुरू केलं. दोरा लांबत गेला, लांबतच गेला. प्रफुलने तो हाताने ताणला, तर बोटावर वळ उठला.

"काय केलं तू?"

"काईच नाई केलं, दादा."

रीता त्या दुपारी जेवली नाही.

पुढचे दोरे मात्र गुंजनच्या हातून पुन्हा तुटायला लागले. मग रीताने आपलं रीळ बर्फात ठेवलं, ओढून दाखवलं आणि प्रफुलला युक्ती सांगितली. तो हरखला. गारव्यात दोऱ्यात बारीक बारीक स्फटिक धरतात, ओढलं की सगळे एका रांगेत लागतात, असं त्याने समजावलं. उबेत राहिला तर तेच स्फटिक मोठे होतात आणि दोरा ठिसूळ होतो. पोळ्यापर्यंत असंच जमलं तर मशीन ताईचं, तो म्हणाला.

तो गेल्यावर गुंजनने ते रीळ नाकाशी धरलं.

"माह्या त्या रिळालेबी असाच ताकाचा वास येत होता, ताई."

रीताने रीळ तिच्या हातातून काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पेटीच्या तळाशी गुंजनचं रीळ होतं. आदल्या संध्याकाळी आत ठेवलेलं रीताचं रीळ बाहेर, उन्हाने तापलेल्या पत्र्यावर. कोणी ठेवलं, हे विचारायला तिला तोंड नव्हतं. ती मशीनवर बसली. पहिल्याच ओढीला दोरा तुटला. मागून गुंजन हसेल असं तिला वाटलं, पण हसण्याचा आवाज आला नाही; ती तशीच मान खाली घालून तुटलेलं टोक शोधत राहिली.