इंजिनाचा लाल रंग

निवृत्तीनंतर मी खेळण्यातल्या जुन्या आगगाड्या जमवायला लागलो. पत्र्याच्या, चावी देऊन चालणाऱ्या, काही विजेवरच्या. जुन्या बाजारात, भंगाराच्या दुकानांत जिथे मिळतील तिथून आणायचो. बिबवेवाडीतल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत प्लायवूडवर रूळ बसवले होते. गाडी घरी आली की आधी बाल्कनीत बसून तिचा सुटलेला रंग सँडपेपरने घासायचा, मग नवा द्यायचा. आठ वर्षं हा उद्योग चालू होता. बायको म्हणायची, रंगाऱ्याशी लग्न केलं असतं तर निदान भिंती तरी रंगल्या असत्या.

मुलगा आणि सून आमच्याबरोबरच राहतात. दोघांची नोकरी हिंजवडीला, त्यामुळे दीड वर्षाची नात दिवसभर आमच्याकडे. एका शनिवारी दुपारी मी तिला लाल इंजिन चालवून दाखवत होतो. तेवढ्यात दाराची बेल वाजली. कुरिअर घेऊन परत आलो, तर इंजिनाचं नाक तिच्या तोंडात होतं आणि खालच्या ओठावर लाल रंगाचे टवके चिकटले होते. मी बोटाने तिचं तोंड साफ केलं, पाणी पाजलं आणि इंजिन कपाटात ठेवलं. कोणाला काही बोललो नाही.

सोमवारी रात्री जेवताना सुनेने सहज विचारलं, "बाबा, जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसं असतं म्हणे. तुमच्या गाड्यांच्या रंगात नाही ना?"

मी म्हणालो, माहीत नाही. ते खरंच होतं, कारण मी कधी माहिती करून घेतलीच नव्हती. जेवण झाल्यावर मोबाईलवर वाचत बसलो. शिसं पोटात गेलं की लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो, भूक मंदावते, बोलणं उशिरा येतं आणि झालेलं नुकसान पुरतं भरून येत नाही. नात शनिवारपासून नीट जेवत नव्हती. दात येत असतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

सकाळी सून डबा भरत होती. तिथेच जाऊन उभा राहिलो. "तिने इंजिन तोंडात घातलं होतं. शनिवारी. मी सांगितलं नाही."

डबा तसाच ठेवून तिने ऑफिसला फोन केला, की आज येत नाही.

सून, बायको आणि मी नातीला घेऊन लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. गाड्यांचं काय करता, कुठे करता, हे विचारलं. मी बाल्कनीतल्या घासकामाचं सांगितलं.

"बाल्कनीत आणखी काय असतं?"

उत्तर बायकोने दिलं. "कपडे वाळतात. हिची दुपटीसुद्धा."

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. मग त्यांनी नातीबरोबर माझंही रक्त तपासायला सांगितलं. तोवर मी एका दुपारच्या चुकीला घाबरत होतो. आता कळलं, की ती जन्मल्यापासून रोज थोडी थोडी धूळ मीच तिच्या अंगाखाली अंथरत आलो होतो.

रिपोर्टला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी तिच्यावर पहारा ठेवला. ती अडखळून पडली की धावत जायचो. हाक मारल्यावर तिने लगेच वळून पाहिलं नाही, तर पुन्हा पुन्हा हाक मारायचो. शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, तिला घाबरवू नका." त्या चार दिवसांत तो माझ्याशी एवढंच बोलला.

तिच्या रक्तात शिसं निघालं, मर्यादेपेक्षा थोडं जास्त. माझ्या रक्तात तिच्या कितीतरी पट. डॉक्टर म्हणाले, तिला औषधाची गरज नाही, पण घरातली धूळ थांबली पाहिजे. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. मी त्याच दिवशी सगळ्या गाड्या पिशव्यांत बंद करून खोक्यांत भरल्या. धूळ उडू नये म्हणून घर झाडायचं बंद केलं. रोज ओल्या फडक्याने फरशी आणि बाल्कनीचा कठडा मीच पुसू लागलो. बायकोने दुपटी टाकून नवी शिवली.

तीन महिन्यांनी नातीच्या रक्तातलं प्रमाण उतरलं. सुनेने रिपोर्ट माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "वाचा, बाबा." मी आकडा तीनदा वाचला. मग तिने चहा टाकला, माझाही.

गाड्या मी विकल्या नाहीत. विकल्या तर दुसऱ्या कोणाच्या घरी जातील. गाड्या जमवणाऱ्या एका मित्राला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आपण लहानपणी हेच चाटून मोठे झालो. काय बिघडलं?" त्याच्याही घरी नातवंडं आहेत. मी दर आठवड्याला त्याला फोन करतो. हल्ली तो उचलत नाही.

नात आता बोलते, खूप बोलते. पण बोलता बोलता एखाद्या शब्दाशी ती थांबली, की तो शब्द तिच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो.