उद्यामास्तरांचं राहिलेलं बटण

उद्यामास्तर हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलं होतं आणि ते काही फुकटचं नव्हतं. उभा जन्म शिलाई मशीनवर गेला, पण ठरल्या दिवशी कपडा हातात दिल्याचा आळ त्यांच्यावर कधी कुणी घेतला नाही. बरं, माणूस आळशी म्हणावा तर तसंही नव्हे. कोट शिवून, इस्त्री होऊन खुंटीला तयार लटकत असायचा. फक्त शेवटचं बटण राहिलेलं असायचं.

"थोडंसं राहिलंय. उद्या या."

गिऱ्हाईक चरफडत जायचं आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने यायचं. मग बसा, पाणी घ्या, मुलीचं कुठं जमलं का, असं करत करत ते बटण लागायचं. बायको गेल्यावर तर दुकानात माणसांचा वावर राहिला तो याच युक्तीवर. कपडा पुरा झाला की माणूस जातो, हे मास्तर पक्कं जाणून होते.

पुढे हात कापायला लागले, दुकान गेलं आणि लांब राहणाऱ्या मुलाने त्यांना वृद्धाश्रमात आणून सोडलं. सोबत मशीन ठेवायची परवानगी मिळाली, हे त्यातल्या त्यात बरं झालं. पण तिथे "उद्या या" म्हणावं असं कुणी यायचंच नाही.

अशात जवळच्या एका शाळेने मुलांना माणुसकी शिकवायचं मनावर घेतलं. आता माणुसकी आपणहून यायला वेळ लागतो आणि शाळांना तेवढा दम कुठला? तेव्हा ती सक्तीची केली. दर शनिवारी दुपारी एका म्हाताऱ्यापाशी एक मूल. फोन ऑफिसच्या कपाटात ठेवायचे. आपल्या घरची रडगाणी आजी-आजोबांना ऐकवायची नाहीत, ही सक्त ताकीद. सत्र संपलं की सर प्रत्येक खाटेपाशी मुलाला उभं करून विचारायचे, "समाधान झालं?" म्हाताऱ्याने "झालं" म्हटलं की मूल सुटलं. नाही म्हटलं तर पुढे येत राहायचं. अर्थात नाही कोण म्हणतंय? पोरगं समोर अवघडून उभं असताना "झालं, झालं" म्हणून सगळे मोकळे व्हायचे.

मास्तरांच्या वाट्याला एक उंच, काटकुळी, नखं खाणारी मुलगी आली. त्यांनी तिला पहिल्याच दिवशी लंबूताई करून टाकलं. सुरुवातीला ती नुसती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायची. मग मास्तरांनी तिच्या हातात सुई दिली. पहिलं काज तिने असं काही घातलं की त्यातून बटणच काय, नारळ गेला असता. मास्तर तसं म्हणाले आणि ती खळखळून हसली. त्यानंतर मास्तर शनिवारी सकाळीच दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसू लागले. बाकीचे दिवस ते नुसते ढकलायचे.

सत्र संपलं. सर खाटेपाशी आले. "काय मास्तर, समाधान झालं?"

मास्तरांनी तोंड उघडलं आणि जन्माची सवय बाहेर पडली. "थोडंसं राहिलंय."

सरांना काय, कौतुकच वाटलं. "बघ, आजोबांना किती लळा लागलाय तुझा!" लंबूताईचा चेहरा पडला. मास्तरांनी तो पाहिला. असे चेहरे त्यांनी दुकानात रोज पाहिले होते, आणि ते सगळे दुसऱ्या दिवशी परत आले होते.

पुढच्या शनिवारी ती पिशवीतून एक निळा लोकरी कोट घेऊन आली.

"आजीचा आहे. सैल झालाय, आत वारा शिरतो म्हणते. तिला सारखी थंडी वाजते हो."

मास्तरांना हर्षच झाला. त्यांनी कोट उलटा केला, टाचण्या लावल्या, दोन्ही बाजू आत घेतल्या. आठवड्याने ती म्हणाली, "अजून थोडा आत घ्याल?"

"अगं, आजी जेवते की नाही?"

तिने काही बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात आश्रमाच्या व्यवस्थापकबाई शेजारून गेल्या. "जेवते," ती म्हणाली.

कोट लागोपाठ दोनदा आत घ्यावा लागतो तेव्हा आतल्या माणसाचं काय होत असतं, हे मास्तरांना कळत नव्हतं थोडंच! पण हाताला काम होतं, शेजारी पोर होती. त्यांनी ते कळून घेतलं नाही.

कोट झाला. गळ्याजवळचं बटण तेवढं राहिलं.

"आजोबा, आजच द्या ना. बटण मी लावते घरी."

"छे गं, कोटाचं बटण असं लावतात होय? पुढच्या शनिवारी नक्की."

ती थोडा वेळ कोटाची बाही धरून उभी राहिली. मग बाही सोडून गेली.

पुढच्या शनिवारी मास्तर मुद्दाम सावकाश दोरा ओवत होते. एका नवरदेवाला लग्नाच्या दिवशी बिनबटणाचा कोट घालून कसं जावं लागलं, त्याची गोष्ट रंगात आली होती. तोच व्यवस्थापकबाई दारात आल्या. "बाळ, ऑफिसात चल. तुझा फोन कपाटात मघापासून वाजतोय."

मुलगी गेली ती गेलीच. कोट मास्तरांच्या मांडीवर राहिला.

संध्याकाळी बाईंनी सांगितलं. पोरीला आजीनेच वाढवलेलं. आई शनिवारीही कामावर, त्यामुळे दुपारी आजीपाशी हीच असायची. इथे यायला लागल्यापासून शेजारीण अधूनमधून डोकावून जायची. आज शेजारीण आली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. जवळ कुणी नव्हतं.

मास्तर रडले. बायको गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते. तेव्हा निदान दोष देवाला देता आला होता. रडून झाल्यावर त्यांनी ते बटण लावलं आणि सरांना निरोप पाठवला, समाधान झालं.

काही दिवसांनी ती कोट न्यायला आली, शाळेचा गणवेश न घालता. मास्तरांनी घडी तिच्या हातात दिली.

"पुरा झालाय बाळ. काही राहिलं नाही."

तिने गळ्याजवळचं बटण चाचपून पाहिलं. "त्या शनिवारी सकाळी आजी विचारत होती, कोट झाला का. मी म्हटलं, आज आणते."

मास्तरांनी उरलेला निळा दोरा रिळाला गुंडाळला.

"मी इथे मनाने येत नव्हते आजोबा. मग मधे खरंच यायला लागले होते. तेव्हाच तुम्ही अडवलंत."

"चुकलो गं," मास्तर म्हणाले. तिने मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, ते त्यांना कळलं नाही. ती दारापर्यंत पोचली तरी "परत ये" हे शब्द त्यांनी ओठाबाहेर येऊ दिले नाहीत.

नवं सत्र सुरू झालं. सरांनी एक गोल चेहऱ्याची मुलगी आणून खाटेपाशी उभी केली. ती बसायच्या आत मास्तर म्हणाले, "झालं माझं समाधान."

सर हसले. "अहो मास्तर, अजून सुरुवात कुठे झालीय?"

"झालं म्हणतोय ना! सोडा तिला." मग मास्तर त्या मुलीकडे वळले. "घरी कोण कोण असतं गं तुझ्या? आजी आहे?"

मुलीने घाबरून सरांकडे पाहिलं. घरचं काही बोलायचं नाही, हे तिला बजावून ठेवलेलं होतं.