प्रिंटरमधलं चौथं पान

आधीच सांगून टाकतो, मी असले अनुभव लिहिणाऱ्यांतला नव्हे, वाचून हसणाऱ्यांतला. आमच्या पेडण्यात दर वळणावर एक देवचार आणि दर जुन्या झाडाला एक राखणदार... लहानपणापासून ऐकत आलो, पण कधी मान वळवून मागे बघितलं नाही. यंत्र बिघडलं तर त्याला कारण असतं. ते सापडेपर्यंत लॉग, म्हणजे यंत्राने स्वतः ठेवलेल्या नोंदी, वाचत बसायचं, एवढाच माझा धर्म. तरी आज लिहायला बसलोय, कारण सगळे लॉग वाचून संपलेत.

गाव हळर्ण. डिचोलीला एका खाण कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळायचो. खाणी थांबल्या तसा घरी आलो आणि नाद लागला तो घरच्या सर्व्हरचा. स्वयंपाकघराच्या मागे एक बिनखिडकीची खोली आहे, आमच्याकडे खोलीला कूड म्हणतात. तिथे एक जुना डेस्कटॉप, चार हार्ड डिस्क आणि वायरींचं जंजाळ. घरातले फोटो, दोन कॅमेरे, हॉलमधला प्रिंटर, सगळं त्याच्यावर. आणि रोज काहीतरी अडायचंच. कधी डिस्क दिसायची नाही, कधी अपडेटनंतर मशीन उठायचं नाही. मराठी छापायला गेलो तर कागदावर नुसते रिकामे चौकोन! दोन वर्षं झटलो, तो फॉन्टचा गुंता काही सुटला नाही. बायको म्हणायची, "ह्या पेटयेची सेवा करतात तितकी देवाची केली आसती, तर देव समोर येवन हुबो रवलो आसतो."

कॅमेरे लावले होते ते बाबांसाठी. वय ऐंशीच्या पुढे, कान गेलेले, आणि विसरण्याचा आजार. पाववाला येऊन गेला तरी तासातासाला विचारायचे, "पोदेर इलो काय रे?" मराठी शाळेत शिकलेले, त्यामुळे देवनागरी अजून खडाखडा वाचायचे. इंग्रजी अक्षरं मात्र आजाराने पहिली पुसली.

मे महिना, सकाळी दहाचा सुमार. रस्ता रुंद करणाऱ्यांनी कुठेतरी केबल तोडली होती आणि इंटरनेट बंद. बायको म्हापशाला कामावर. सर्व्हर अडकून बसला म्हणून मी कुडीत गेलो, फोन हॉलमध्येच चार्जिंगला. पुढचं दार उघडं होतं. वाऱ्याचा एक झोत आला, माझ्यामागे कुडीचं दार धाडकन लागलं आणि बाहेरची लोखंडी कडी पडून अडकल्याचा आवाज झाला.

मी चक्क हसलो. कडी अशी पूर्वीही पडली होती, पण तेव्हा बायको घरी होती. हाका मारल्या, दार बडवलं. फणसाचं जाड लाकूड, बाहेर कान गेलेले बाबा, आणि शेजारचं घर कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, पलीकडे. असू दे, म्हटलं, संध्याकाळपर्यंत बसू. सर्व्हर रीस्टार्ट केला आणि वेळ जावा म्हणून मॉनिटरवर कॅमेरे लावले.

बाबा स्वयंपाकघरात उभे होते. त्यांनी गॅस पेटवला, दुधाचा टोप ठेवला... आणि हॉलमध्ये येऊन खुर्चीत बसले. विसरले.

मी मॉनिटरकडे बघत राहिलो. दूध वर आलं, उतू गेलं, आणि ज्योत दिसेनाशी झाली. बटण उघडंच. थोड्या वेळाने दाराच्या फटीतून तो वास आला. स्वयंपाकघराला लागून देवाची खोली, आणि तिथे बायकोने सकाळी लावलेली समई.

त्यानंतर मी काय काय केलं ते नीट आठवत नाही. खांद्याने दाराला धडका दिल्या, स्टुलाने बिजागऱ्यांवर घाव घातले. स्टूल मोडलं. स्वतःची यंत्रं, स्वतःची भिंत, आणि तीन मीटरवर काय होणार ते पडद्यावर दिसतंय... हातात काही नाही. एकाएकी सुचलं, इंटरनेट नसलं तरी प्रिंटर घरच्याच नेटवर्कवर आहे!

पहिलं पान पाठवलं – GAS BAND KARA. दुसरं – DAR UGHADA. हॉलच्या कॅमेऱ्यात दिसलं, प्रिंटर हलला तसे बाबा उठले. कागद डोळ्यांजवळ धरले, उलटे केले, नीट घडी घालून टेबलावर ठेवले आणि परत बसले. मी एका जुन्या फाईलमधली मराठी अक्षरं जोडून 'गॅस' एवढाच शब्द पाठवला. चौकोनच येणार हे माहीत होतं. बाबांनी तोही कागद घडी घालून ठेवला.

मी जमिनीवर बसलो. डोकं गरगरत होतं. पाठवायला काही उरलंच नव्हतं.

वर बघितलं तर बाबा पुन्हा प्रिंटरपाशी उभे. हातात कागद, ओठ हलताहेत. वाचत होते! मग ते चालायला लागले... आजारापूर्वी चालायचे तसे, झपाझप. स्वयंपाकघरात गेले, बटण फिरवलं, मागचं दार सताड उघडलं. आणि माझ्या दाराची कडी वाजली.

"तू हंय कितें करता रे?"

"बाबा, तुम्हांला कोणी सांगितलं?"

त्यांनी कागद पुढे केला. स्वच्छ, ठळक देवनागरी, एकही चौकोन नाही.

"बाबल्या, पयलीं गॅस बंद कर. मागीर कुडीची कडी काड. भियूं नाका."

बाबांना 'बाबल्या' म्हणताना मी कधी कोणाला ऐकलं नव्हतं. सर्व्हरच्या लॉगमध्ये तीन पानांची नोंद होती. प्रिंटरचा स्वतःचा हिशेब मात्र चार पानं सांगत होता. राउटरवर सर्व्हर, दोन कॅमेरे, प्रिंटर आणि हॉलमध्ये चार्जिंगला लावलेला माझा लॉक असलेला फोन, याशिवाय काही जोडलेलं नव्हतं. आठवडाभर मी दुसरं काही केलं नाही. फॉन्टची प्रत्येक फाईल उघडून बघितली. आजही मराठी पाठवलं की चौकोनच येतात.

बायकोने बाबांच्या चुलतबहिणीला विचारलं. त्या म्हणाल्या, "बाबल्या म्हणी ती त्याची व्हडली भयण. तो धा वर्सांचो आसताना गेली. पण बाये, ती खंयची लिवतली? तिणें शाळेची पायरी देखूंक ना."

बाबा त्यानंतर दीड वर्ष होते. रोज आंघोळ झाली की प्रिंटरपाशी खुर्ची ओढून बसायचे. विचारलं तर काही सांगायचे नाहीत, फक्त बघत राहायचे. एकदा मला ते बघवेना. शेजारगावच्या दुकानातून मराठीत एक पान छापून आणलं – "बाबल्या, जेवून घे." ते गुपचूप प्रिंटरच्या ट्रेमध्ये ठेवलं.

बाबांनी उचललं. वाचलं. माझ्याकडे बघून हसले आणि कागद माझ्या हातात दिला.

"हें तुजें," म्हणाले. "तिचें न्हय."