वाकडी भिंत

“वाकडी हाय बाप्पा, पन उभी हाय!”

तब्येत विचारा, सायकल विचारा, संसार विचारा; भाऊंचं उत्तर ठरलेलं. स्टील प्लांटात आमची शिफ्ट एक, कोहक्याच्या वस्तीत घरं शेजारी, त्यामुळे मी ते रोज ऐकलं.

मुळात ते त्यांच्या अंगणातल्या भिंतीबद्दलचं. मॅट्रिकची परीक्षा दिलेल्या एकुलत्या पोरानं उन्हाळ्यात हौसेनं बांधलेली. पार वाकडी! त्याच पावसाळ्यात पोरगा काविळीनं गेला. भिंत राहिली.

पलीकडे धाकट्या भावाचं घर. नळावर जायची त्याची वाट भिंतीनं अडली. आधी कुरबुर, मग दुर्गच्या कोर्टात दावा. भाऊ तिथे हरले, जबलपूरच्या हायकोर्टातही हरले. भिंत पाडायचा हुकूम झाला, पण भाऊंनी एक वीट हलवली नाही. मग धाकट्यानं पुन्हा अर्ज टाकला. जेलच्या नावानं तरी घाबरतील, असं त्याला वाटलं असावं.

“ऊपर तक हार गये, अब तो गिराओ,” जजसाहेब समजावत होते. “नहीं तो जेल जाना पड़ेगा.”

“हुजूर, मेरे हाथ से नहीं गिरेगी.”

एवढंच! पोराबद्दल अवाक्षर नाही. तुम्हीच सांगा, राग येणार नाही? जेलात डबा घेऊन गेलो तेव्हा मी भांडलोच. “पोरानं बांधली म्हणून कावून नाही सांगतलं भाऊ? जजलेही लेकरं असतील ना!”

भाऊ भाकर मोडत राहिले. “मेलेल्या पोराले साक्षीले उभा करू काय? अन् तेही त्याच्या काकाच्या विरोधात? लय जीव होता त्याचा काकावर.”

ते आत असतानाच कोर्टाच्या माणसांनी भिंत पाडली. भाऊ सुटून आले, मोकळ्या जागेपर्यंत चालत गेले आणि भिंत असल्यासारखे सवयीनं वळले. पुढे कायम तसेच वळत राहिले. तब्येत विचारली तर नुसती मान हलवायचे. मला फार वाईट वाटायचं.

धाकट्याच्या घरचेही जुन्या लांबच्या वाटेनंच पाणी आणत. ज्या वाटेसाठी एवढं रामायण झालं, तिच्यावर गवत माजलं.

भाऊ गेले तेव्हा मडकं धरायला मुलगा नव्हता, धाकट्यानंच धरलं. तिरडी उचलून आम्ही सरळ त्या मोकळ्या जागेतून निघालो, तर तो मडकं घेऊन आडवा उभा राहिला.

“इकडून नका नेऊ,” तो रडत म्हणाला. “भिंत हाय तिथं.”

आम्ही वळसा घातला.