मार्थाच्या बांगड्या

"बांगड्या काढा, मग क्लोरोफॉर्म," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"नाई काहाडत," टेबलावरची मार्था म्हणाली.

बाळ पोटात आडवं होतं. अशा वेळी आईला क्लोरोफॉर्मनं गुंगी द्यायची आणि हात आत घालून बाळ फिरवायचं. उशीर झाला तर दोघंही जातात. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. मी नागपूरला नर्सिंग शिकून बुलढाणा जिल्ह्यातल्या या मिशन दवाखान्यात लागले होते.

मार्था मेहकरजवळच्या खेड्यातली. नवरा-बायकोनं बाप्तिस्मा घेतला होता, सासूनं नाही. केसपेपरवर मार्था, सासूच्या तोंडी अजून सगुणा. दोन्ही हात हिरव्या काचेनं भरलेले. गुंगी चढताना पेशंट हातपाय झाडतो. काच फुटली की शिरेत घुसते. म्हणून नियम होता, काच उतरवायची.

दारातून सासू ओरडली, "सगुणे, हात उघडे करू नको वं! माह्या लेकाचं आयुष्य हाये ते!"

आमच्याकडे बांगडी फुटली असंही म्हणत नाहीत. वाढली म्हणतात.

डॉक्टरबाई गोऱ्या, त्यांचं मराठी पुस्तकी होतं. "मार्था, तू प्रभूची आहेस. मग ह्या जुन्या समजुती कशाला?"

"प्रभूवर माहा भरवसा हाये, मडमबाई. पण नवरा जिता असता हात उघडे नाई करत."

कळ आली. ती विव्हळली. बाळाचे ठोके मंद लागत होते. डॉक्टरबाई हात धुवायला वळल्या. लग्नाची अंगठी काढून त्यांनी दोरीत ओवली आणि गळ्यात घातली. हे त्या रोजच करायच्या. मार्था बघत होती.

"ते गळ्यात काऊन घालता?"

"माझ्या नवऱ्यानं चर्चमध्ये घातली. बोटात नसली तरी अंगावर असावी."

"मंग माह्या बांगड्याईनं देवाचं काय बिघडलं?"

मीच म्हणाले, "बाई, वर सरकवून जाड पट्टी बांधते. फुटल्या तरी आतच राहतील."

"बांधा. लवकर."

मी कोपरापर्यंत कापूस लावून पट्ट्या गुंडाळल्या, मग क्लोरोफॉर्म दिला. डॉक्टरबाईंनी पाय धरून बाळ फिरवलं, ओढून काढलं. निळं पडलेलं पोर. पाठ चोळली, थोपटलं, तेव्हा कुठं रडलं. मुलगी होती.

पट्टी सोडली तर एक बांगडी फुटलेली. मी भीत भीत सासूकडे पाहिलं.

"एक तं वाढनारच," नातीला न्याहाळत ती म्हणाली. "बाळंतपन काय फुकट होते?"

दवाखान्याचा नियम बदलला. बांगड्या काढायच्या नाहीत, बांधायच्या.

मुलीच्या बाप्तिस्म्याला सासू चर्चमध्ये आली, ती कासारणीला घेऊनच. मार्थाचे हात भरून झाल्यावर सासूनं डॉक्टरबाईंचा हात धरला. "या मडमबाईले बी भर. हिरव्याच." डॉक्टरबाई लाजल्या, पण हात मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं, आणि डॉक्टरच्या हातात काच चालत नाही. आम्ही दोघी साबण लावून त्यांच्या बांगड्या उतरवत बसलो आणि पेशंट टेबलावर ताटकळत राहिला. त्यातून मी एक धडा घेतला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कासारणीच्या हाती हात देऊ नये.